काउंटर आणि तिजोरी

सांगलीच्या विश्रामबागेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक गेमिंग कॅफे होता. दहा कॉम्प्युटर, खिडकीतला जुना एसी आणि जिन्यातून वर येणारा टोनरचा वास. तिथल्या कीबोर्डांवरची डब्ल्यू, ए, एस आणि डी ही चार अक्षरं बोटांनी घासून पार पुसली गेली होती. बाकीची जशी आली तशी ठळक. संध्याकाळी सहानंतर कॉलेजची पाच पोरं तिथे ठाण मांडून बसत. ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा पाच विरुद्ध पाच असा खेळ, आणि या पाचांच्या संघानं आसपासच्या कॉलेजांत चांगलं नाव कमावलं होतं.

संघात कुणी कुणाला घरच्या नावानं हाक मारत नसे. गेममध्ये जे नाव, तेच खरं. त्यातल्या दोघांची ही गोष्ट. एक वादळ, दुसरा किल्लेदार.

वादळला थांबणं माहीत नव्हतं. नकाशात सगळ्यांच्या पुढे घुसायचा, आणि लॉगिन करतानाही तीच घाई. हा गेम स्टीम या ऑनलाइन सेवेच्या खात्यावरून खेळतात. त्या खात्याला त्यानं जो पासवर्ड दिला होता, तोच ईमेलला, तोच डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपला आणि तोच कॉलेजच्या पोर्टलला. कॅफेतल्या चार नंबरच्या कॉम्प्युटरवर त्यानं ‘लक्षात ठेवा’ या चौकटीत टिक करून ठेवली होती. आलं, बसलं, सुरू. “स्टीमचं ॲप फोनमध्ये घे, त्यात दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड येतो,” असं कॅफेवाल्या काकांनी त्याला कितीदा तरी सांगितलं. “काका, मी खेळायला येतो, कोड टाकायला नाही,” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

किल्लेदार अगदी उलट टोकाचा. दर रविवारी तो पासवर्ड बदलायचा, चोवीस अक्षरांचा, आणि तो कुठेही लिहायचा नाही. घरच्या कॉम्प्युटरवर त्याच्याशिवाय कुणी बसत नसे, तरी उठताना प्रत्येक वेळी साइन आउट. ॲप त्याच्या फोनमध्ये होतं. ते सुरू करताना ‘आर’ या अक्षरानं सुरू होणारा एक रिकव्हरी कोड पडद्यावर आला होता आणि तो लिहून ठेवा अशी सूचनाही होती. किल्लेदारानं तो लिहिला नाही. लिहिलेलं कधी ना कधी कुणाच्या हाती लागतं, असं त्याचं ठाम मत. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मात्र वडिलांच्या जुन्या सिमचा होता. ते सिम बंद होऊन वर्ष उलटलं होतं आणि तिकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. रोज संध्याकाळी चौघं तयार होऊन बसत आणि पाचवा पासवर्ड आठवत असे. “थांबा रे, वेस उघडतेय अजून,” असं म्हणत बाकीचे भडंगाच्या पुडीत हात घालत.

गेमच्या खात्यात जपण्यासारखं असतं तरी काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. वादळच्या खात्यात दोन वर्षांत अदलाबदली करून जमवलेल्या बंदुकांच्या स्किन होत्या. स्किन म्हणजे नुसतं रंगकाम, तिनं नेम सुधारत नाही. पण स्टीमच्या बाजारात तिला रुपयांत भाव मिळतो. शिवाय रात्री जागून मिळवलेली रँक, मित्रांची यादी, हजार तासांचा खेळ, हे सगळं त्या एकाच नावावर. चोरानं त्या खात्यावरून चीट वापरलं आणि ते पकडलं गेलं, तर बंदी खात्यावर बसते, आणि तशी बंदी सहसा उठत नाही.

वादळचा एका गोष्टीवर फार राग होता. त्याच्याकडे ॲप नसल्यामुळे तो कुणाला स्किन द्यायला गेला की स्टीम ती पंधरा दिवस अडकवून ठेवायचं. “माझी वस्तू, मी देतोय, यांच्या पोटात का दुखतं?” असं तो एकदा ओरडला, तेव्हा काकांनी त्याला जवळ बसवून घेतलं.

“२०१५ मध्ये स्टीमच्या मालक कंपनीनं, व्हॉल्व्हनं, स्वतःच जाहीर केलं होतं, की दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती चोर ताब्यात घेतात आणि लुटतात. आता त्यांनी काय करायला हवं होतं? सगळ्यांना ॲपची सक्ती केली तर ज्यांच्याकडे तसा फोन नाही ते खेळाला मुकले असते. काहीच केलं नाही तर लूट चालू. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. खेळायला कुणालाही अडवायचं नाही. पण ज्याच्याकडे ॲप नाही, त्याच्या खात्यातून वस्तू बाहेर निघाली की ती वाटेत थांबवायची, म्हणजे खऱ्या मालकाला जाग यायला वेळ मिळतो.”

वादळनं मान हलवली आणि हेडफोन कानाला लावला.

ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या एका कॉलेजनं स्पर्धा ठेवली. नियम साधा: नोंदणी केलेल्या खात्यांवरूनच खेळायचं, आणि पाच जण हजर नसतील तर संघ बाद. रविवारी सकाळी पहिला सामना होता.

बुधवारी रात्री वादळच्या डिस्कॉर्डवर शाळेतल्या एका जुन्या मित्राचा निरोप आला. “आमचा संघ स्पर्धेत आहे, एक मत दे ना, दहा सेकंद लागतील.” खाली लिंक. लिंक उघडली तर संघांची चित्रं, मतांचे आकडे आणि ‘स्टीमनं साइन इन करा’ असं बटण. बटण दाबल्यावर स्टीमची नेहमीची खिडकी उघडली. वरच्या पट्टीत स्टीमचा पत्ता, शेजारी कुलपाची खूण, सगळं जागच्या जागी. पण ती खिडकी खरी नव्हतीच. पानावर काढलेलं ते खिडकीचं चित्र होतं, पत्ता आणि कुलूपसुद्धा रंगवलेले. खरी खिडकी असती तर ब्राउझरच्या बाहेर ओढता आली असती. ही पानाच्या काठाशी अडली असती. ओढून बघण्याइतका धीर वादळकडे नव्हता. त्यानं पासवर्ड टाकला. ईमेलवर पाच अक्षरी कोड आला, तोही टाकला. पान म्हणालं, “आभारी आहोत.”

ज्या मित्राचा निरोप होता, त्याचं खातं चोरांच्या हाती आधीच गेलेलं होतं. आता वादळचंही गेलं. पहाटेपर्यंत स्टीमचा पासवर्ड बदलला होता, आणि ईमेलचा पासवर्ड तोच असल्यामुळे ईमेलही हातचा गेला होता. सकाळी वादळच्या यादीतल्या सगळ्या मित्रांना त्याच्या नावानं निरोप गेले: “एक मत दे ना.”

शुक्रवारी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं ते बघायला अर्धी सांगली आयर्विन पुलावर जमली होती. किल्लेदारही गेला. कठड्यावरून फोटो काढताना मागून धक्का लागला आणि फोन थेट पुराच्या पाण्यात.

घरी येऊन त्यानं कॉम्प्युटर लावला. साइन आउट केलेलंच होतं. पासवर्ड त्याला आठवत होता. कोड मात्र नदीत. स्टीमनं विचारलं, मोबाइल नंबरवर एसएमएस पाठवू का? नंबर वडिलांचा जुना. आपल्याकडे बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येतो, आणि इथे तर वर्ष होऊन गेलं होतं. तो एसएमएस भलत्याच कुणाच्या फोनवर गेला असता. मग स्टीमनं विचारलं, रिकव्हरी कोड आहे का? किल्लेदार पडद्याकडे बघत बसला.

रविवारी कोल्हापुरात संघाचे तिघंच उभे राहिले. पंचांनी यादी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि संघ बाद ठरवला. एका गड्याचं खातं चोरानं उघडलं होतं, दुसऱ्याचं खुद्द मालकालाही उघडत नव्हतं, आणि तिघं माउसला हात न लावता परत आले.

सोमवारी कॅफेत दोघांची जुंपली.

“एवढी कुलपं लावून काय मिळवलंस? तूही बाहेरच ना?” वादळ म्हणाला.

“माझं काही चोरीला तरी गेलं नाही,” किल्लेदार म्हणाला.

“पण तुझ्याकडे तरी काय राहिलं?”

काकांनी दोघांना गप्प केलं. ते वादळला म्हणाले, “तुझ्याकडे ॲप नव्हतं ना? मग चोरानं स्किन पाठवल्या असल्या तरी त्या अजून वाटेतच असतील. पंधरा दिवसांतले पाच गेले. भांडत काय बसलास? खातं परत मिळव, आणि अदलाबदल रद्द कर.”

स्टीमच्या मदत विभागाला मालकीचा पुरावा हवा होता. वादळनं पहिल्यांदा स्टीमच्या वॉलेटमध्ये पैसे भरले तेव्हा ते आत्याच्या फोनवरून, यूपीआयनं भरले होते. त्या व्यवहाराचा नंबर आत्याकडे. संध्याकाळी तो किल्लेदाराला घेऊन तिच्या घरी गेला.

आत्या एका सहकारी बँकेतून निवृत्त झाली होती. अर्धं आयुष्य काउंटरवर आणि उरलेलं पासिंगच्या टेबलावर. गेममधलं तिला काही कळत नव्हतं, पण खातं या गोष्टीतलं तिला सगळं कळत होतं. तिनं व्यवहार शोधून दिला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, “आता नीट सांग. काय झालं?”

दोघांनी सांगितलं. आत्यानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

“आधी ईमेल सोडव,” ती वादळला म्हणाली. “गेम नंतर.”

“पण आत्या, स्किन गेममध्ये आहेत.”

“असू देत. गेमचा पासवर्ड बदलायची परवानगी कुठे मागतात? ईमेलवर. आमच्याकडे नमुना सहीचं कार्ड असायचं. ज्याच्या हातात ते कार्ड, त्याच्या हातात खातं. तुझं कार्ड ईमेलमध्ये आहे. चोर तिथे बसलेला असताना तू गेम सोडवलास तरी तो रात्रीत परत घेईल.”

ईमेलला वादळचा स्वतःचा, चालू नंबर जोडलेला होता, तेवढं नशीब. रात्री नऊपर्यंत ईमेल परत आला. आत्यानं त्याच्याकडून नवा, लांब, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवून घेतला, दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करायला लावलं, इतर सगळ्या ठिकाणची सत्रं बंद करायला लावली. ईमेल आपोआप भलत्याच पत्त्यावर पुढे तर जात नाही ना, तेही बघायला लावलं. मग यूपीआयच्या व्यवहाराचा नंबर जोडून स्टीमला अर्ज गेला.

गुरुवारी खातं परत मिळालं. अदलाबदलीच्या पानावर सगळ्या स्किन रांगेत अडकलेल्या होत्या, प्रत्येकीपुढे सुटण्याची तारीख. वादळनं सगळ्या रद्द केल्या. ज्या पंधरा दिवसांना तो शिव्या घालत होता, त्यांनीच त्याचा माल राखला होता. त्या रात्री तो घरी न जाता थेट आत्याकडे आला, आणि यावेळी ऐकायच्या तयारीनं आला. किल्लेदार सोबत होताच.

आत्यानं वहीचं एक पान काढलं आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘काउंटर’, दुसऱ्या बाजूला ‘तिजोरी’.

“आमच्या बँकेत रोज शेकडो माणसं यायची,” ती म्हणाली. “पेन्शन घेणारे, शेतकरी, दुकानदार. त्यातल्या प्रत्येकाला मी दहा कागद मागितले असते तर रांग रस्त्यावर गेली असती आणि माणसं बँकेत यायचीच बंद झाली असती. म्हणून थोडी रक्कम काउंटरवरच द्यायची मुभा असायची. रक्कम मोठी झाली की पावती साहेबांच्या टेबलावर जायची, दुसरी सही व्हायची, मगच पैसे. पत्ता बदलायचा, सही बदलायची, वारस बदलायचा, की आणखी चौकशी. आणि तिजोरी? तिला दोन किल्ल्या. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकटा कुणीच उघडू शकत नाही.”

“म्हणजे सगळीकडे कडक नाही,” वादळ म्हणाला.

“सगळीकडे कडक ठेवलं की माणूस पळवाट शोधतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती आली तेव्हा टेबलाच्या काचेखाली चिठ्ठ्या आल्या. रोज होणारा त्रास माणूस फार दिवस सोसत नाही. म्हणून त्रास तिथेच ठेवायचा, जिथे तो क्वचित होतो आणि जिथे चोराला नक्की जावं लागतं.”

ही गोष्ट आत्याच्या अनुभवातून आलेली होती, पण अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनंही २०१७ मध्ये हेच सांगितलं: पासवर्ड ठरावीक काळानं उगाच बदलायला लावू नका, तो फुटल्याचं दिसलं तर बदला. सारखा बदलावा लागणारा पासवर्ड माणसं एखादा आकडा वाढवून चालवतात, आणि चोरांना तो आकडा ओळखता येतो.

मग दोघांना तिनं आपापलं पान भरायला बसवलं. वादळनं ‘काउंटर’खाली लिहिलं: घरचा कॉम्प्युटर, रोजचा खेळ, गप्पा. तिथे साइन इन राहिलं तरी चालेल, कारण त्या कॉम्प्युटरला स्वतःचं कुलूप आहे. ‘तिजोरी’खाली लिहिलं: ईमेल, नवीन कॉम्प्युटरवरून लॉगिन, पासवर्ड बदलणं, स्किन देणं, पैसे भरणं. तिथे ॲप हवंच.

“आणि कॅफे?” आत्यानं विचारलं.

वादळ अडखळला. कॅफेत तो रोज जात होता, म्हणून त्याला ते काउंटर वाटत होतं.

“रोजचं असलं म्हणजे आपलं असतं असं नाही,” आत्या म्हणाली. “त्या खुर्चीवर तुझ्यानंतर कोण बसतं ते तुला माहीत आहे का?”

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी काकांनी दिलं. २०२२ पासून स्टीमच्या फोन ॲपनं पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून लॉगिन होता येतं. पासवर्ड त्या कॉम्प्युटरवर टाइपच होत नाही, म्हणजे कुणी बोटांची नोंद घेणारं सॉफ्टवेअर तिथे लपवलं असलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही. फोन काढला, स्कॅन केला, ‘हो’ म्हटलं, खेळ सुरू. वादळनं घड्याळ लावून बघितलं. पासवर्ड टाइप करण्यापेक्षा हे लवकर झालं.

“सोय आणि सुरक्षा दर वेळी एकमेकींच्या विरुद्ध नसतात,” काका म्हणाले. “२००८ मध्ये ब्लिझार्डनं ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वाल्यांसाठी किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचं एक छोटं यंत्र काढलं, कोड दाखवणारं. पुढे ते खात्याला जोडणाऱ्याला गेममध्ये दोन डोक्यांचं कुत्र्याचं पिल्लू मिळायला लागलं. ‘फोर्टनाइट’नं २०१८ मध्ये दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करणाऱ्याला एक नाच फुकट दिला. माणसाला नुसतं घाबरवून तो शहाणा होत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आता पासकी आल्यात. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवायचा, पासवर्ड नाहीच. आणि ती किल्ली खऱ्या साइटवरच चालते, म्हणून खोट्या पानाला द्यायला तुझ्याकडे काही नसतंच.”

किल्लेदाराची गोष्ट जास्त लांबली. त्याचे सुरुवातीचे पैसे दुकानातून रोखीनं घेतलेल्या गिफ्ट कार्डांचे होते, त्यामुळे पुरावा मिळेना. शेवटी जुन्या ईमेलांत वडिलांच्या डेबिट कार्डानं घेतलेल्या एका गेमची पावती सापडली, आणि कितीतरी पत्रव्यवहारानंतर खातं उघडलं. तोवर त्याचा सूर उतरला होता.

“आत्या, मी तर काहीच चुकवलं नव्हतं,” तो म्हणाला. “सगळे नियम पाळले.”

आत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तू चोराचा विचार केलास, बाळा. मालकाचा केला नाहीस. बँकेच्या तिजोरीच्या डुप्लिकेट किल्ल्या असतात, माहीत आहे? पाकिटात घालून, लाखेचं सील मारून, दुसऱ्या शाखेत ठेवायला देतात. त्या शाखेत कशाला? कारण एका जागी आग लागली, पूर आला, माणूस गेला, तरी दुसऱ्या जागची किल्ली शाबूत राहते. त्या रोज कुणी वापरत नाही. पण त्या नसतील तर एका अपघातात आख्खी बँक आपल्याच तिजोरीबाहेर उभी राहील.”

“म्हणजे रिकव्हरी कोड लिहायचा.”

“लिहायचा. कागदावर. फोनमध्ये फोटो काढून नाही, कारण फोन गेला की तोही जातो. पॅन कार्ड, मार्कलिस्ट जिथे ठेवता त्या फाइलमध्ये. तुमच्या घरच्या कपाटापर्यंत रशियातला चोर येणार नाही. आणि नंबर बदलला की पहिलं काम, प्रत्येक खात्यावर जाऊन तो बदलायचा.”

“आणि रविवारचा पासवर्ड?”

“एक लांब ठेव, फक्त या खात्यासाठी. पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेव किंवा त्याच फाइलमध्ये लिही. उगाच बदलू नकोस. तो रविवार खेळायला वापर.”

काकांनी कॅफेत दोन बदल केले. प्रत्येक ग्राहक उठला की कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन मूळ अवस्थेत जाईल, मागचं काहीही शिल्लक राहणार नाही, अशी व्यवस्था केली. आणि पासवर्ड टाइप करू नका, स्कॅन करा, अशी पाटी प्रत्येक पडद्याशेजारी लावली. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली; मग स्कॅन करायला लागणारा वेळ बघून ती आपोआप थांबली.

हिवाळ्यात दोघांचीही परीक्षा झाली.

वादळ कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा घेत होता, तेव्हा फोनवर स्टीमचा प्रश्न आला: नव्या ठिकाणाहून लॉगिन होत आहे, तुम्हीच आहात का? खाली दुसऱ्याच देशातलं एक शहर दिसत होतं. जुना पासवर्ड चोरांच्या कुठल्या तरी यादीत फिरत होता, म्हणून त्यानं नवा ठेवला होता. तोही कुणाच्या हाती कसा लागला ते त्याला कळेना. पूर्वीचा वादळ असता तर घाईत काय दाबलं असतं कुणास ठाऊक. त्यानं शहराचं नाव पुन्हा वाचलं, ‘नाही’ दाबलं, पासवर्ड बदलला आणि गार व्हायच्या आत चहा संपवला.

किल्लेदाराचा नवा फोन मिरजेच्या बसमध्ये मारला गेला. तो घरी आला, सिम बंद करवलं, फाइल उघडली, कागद काढला आणि ‘आर’नं सुरू होणारा कोड टाकून जुनं ॲप खात्यापासून तोडलं. ॲप काढल्यामुळे त्याची देवाणघेवाण पंधरा दिवस अडकली. खेळ अडकला नाही. सात वाजता तो कॅफेत हजर होता, आणि पुढच्या वर्षी कोल्हापुरात पाचही जण मैदानात उतरले.

तात्पर्य: फक्त सोय बघणारा चोराला वाट देतो, आणि फक्त सुरक्षा बघणारा कधीतरी स्वतःचीच वाट अडवतो. रोजचं लॉगिन इतकं सोपं ठेवा की पळवाट शोधायचा मोह होणार नाही. अनोळखी यंत्रावरून येणं, पासवर्ड बदलणं आणि वस्तू बाहेर जाणं या ठिकाणी खुशाल वेळ लागू द्या, कारण चोर त्याच वाटेनं जातो. आणि सगळं नीट चाललेलं असताना, आजच, परत येण्याची एक किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा.